माझ्या भावाची दृष्टी गेली आहे. खानदेशात अंध लोकांची एखादी संघटना किंवा आधार देणारा गट आहे का?

ताई, तुम्ही लिहिलंय की भाऊ सव्वीस वर्षांचा आहे, चोपडा तालुक्यात राहतो, रेटिनायटिस पिगमेंटोसामुळे, म्हणजे डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी होणाऱ्या आजारामुळे, उरलंसुरलं दिसणंही आता गेलं आणि तो घराबाहेर पडेनासा झालाय. दवाखाने झाले, नवस झाले. माझा आजार तोच. कॉलेज संपेपर्यंत माझंही दिसणं संपलं होतं. आज अमळनेरला राहतो, सरकारी कार्यालयात नोकरी करतो.

संघटनांची नावं सांगतोच. पण त्याआधी त्याची गाठ एखाद्या अंध माणसाशी घालून द्या. भाषण देणारा नको. नोकरीला जाणारा, बाजारातून भाजी आणणारा, बायकोशी भांडणारा असा कुणीतरी बघा. घरातलं कुणीतरी प्रांजल पाटलांचं उदाहरण देणारच. यूपीएससीत त्यांचा ७७३ वा क्रमांक आला तेव्हा अंधत्वाचं कारण सांगून रेल्वेची सेवा नाकारली गेली, आणि पुढच्याच वेळी १२४ वा क्रमांक मिळवून त्या आयएएस झाल्या. उदाहरण मोठंच आहे, पण जो पोरगा अजून एकटा टपरीपर्यंत जात नाही त्याला ते ऐकून धाप लागते. त्याला त्याच्यापेक्षा दोन वर्षं पुढे असलेला माणूस हवा.

आमच्या भागातल्या अंध मंडळींचा व्हॉट्सॲपवर एक गट आहे. सगळं बोलून चालतं, निम्मं अहिराणीत. नवा कुणी आला की ‘कसं झालं रे?’ असं कुणी विचारत नाही. पहिला प्रश्न ‘फोन कोनता शे भो? टॉकबॅक चालू कर्‍यं का?’ टॉकबॅक म्हणजे अँड्रॉइड फोनमध्येच असलेली, पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय, मराठीही वाचते. संगणकासाठी एनव्हीडीए आहे, तेही फुकट. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी ते उभं केलं. भावाने आधी फोन हातात घ्यावा, बाकी सगळं त्यामागून येतं.

नोटांचंच बघा. आता १०० ची नोट १४२ मिलिमीटर लांब, २०० ची १४६ आणि ५०० ची १५०. रुंदी तिघींची सारखीच. म्हणजे फरक चार-चार मिलिमीटरचा. कडेला उठावाच्या तिरप्या रेघा असतात: १०० ला चार, ५०० ला पाच, आणि २०० ला चार रेघांच्या मध्ये दोन गोल. कोरी नोट असेल तर बोटाला लागतात. पण भाजीबाजारात फिरून मऊ पडलेल्या नोटेवर काय लागणार? नोट ओळखून सांगणारं रिझर्व्ह बँकेचं ‘मणी’ हे ॲप २०२० मध्ये आलं, त्यामागे नॅब या अंधांसाठीच्या संस्थेने उच्च न्यायालयात केलेली याचिकाही आहे. ॲप चांगलंय, पण रिक्षावाला खोळंबलेला असताना फोन काढून नोट कोण धरून बसणार! म्हणून आमच्यातला जो तो आपापली घडी ठरवतो. मी ५०० ची नोट आडवी दुमडतो, २०० ची उभी, १०० ची तशीच ठेवतो. सुटे परत घेताना ‘ही कितीची?’ असं एकेक नोट हातात घेत विचारायचं आणि तिथेच घडी घालायची. लाजायचं नाही. हे त्याला डोळस माणूस शिकवू शकणार नाही, कारण डोळस माणसाला ते कधी लागलंच नाही.

आता हक्कांचं. आमचा एक मित्र संगीत शिकवतो. एका बँकेने त्याला एटीएम कार्ड द्यायला नकार दिला. ‘तुमच्या नकळत कुणी पैसे काढले तर? घरच्या कुणाला तरी खात्यात घ्या,’ असा साहेबांचा सल्ला. मित्र दोनदा एकटा जाऊन परत आला. मग आम्ही सहा-सात जण काठ्या घेऊन शाखेत गेलो. घोषणा नाहीत, काही नाही, बाकड्यांवर बसलो. जून २००८ चं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक छापून नेलं होतं. चेकबुक, एटीएम, नेटबँकिंग, लॉकर, कर्ज या सगळ्या सोयी दृष्टिहीनांना भेदभाव न करता द्याव्यात, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. साहेब म्हणाले, वरून विचारावं लागेल. आम्ही म्हणालो, विचारा, पण नकार असेल तर कारणासह लेखी द्या, बँकेच्या शिक्क्यानिशी. त्यावर आम्हाला चहा आला. कार्डही आलं, जरा उशिराने. लेखी मागितलं की समोरचा नरम पडतो, हा आमचा नेहमीचा अनुभव. एकट्याने मागितलं तर मात्र ‘बसा, बघतो’ यावरच गाडी अडते.

तुमच्यासाठीही एक काम आहे. खिडकीवरचा बाबू तुमच्याकडे बघून विचारेल, ‘यांचं नाव काय?’ तेव्हा तुम्ही गप्प राहा. अवघड जाईल, पण राहा. भाऊच बोलेल.

संस्थांपैकी नॅब, म्हणजे नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, १९५२ पासून आहे. नाशिकला त्यांचं मोठं काम आहे. काठी घेऊन चालायचं प्रशिक्षण कुठे मिळेल ते त्यांना आधी विचारा. १५ ऑक्टोबरला पांढरी काठी दिनाला सगळीकडे काठ्या वाटतात, फोटो निघतात, आणि सहा फुटी माणसाच्या हातात पोराच्या मापाची काठी पडते. काठी निदान छातीच्या मध्यापर्यंत यायला हवी. नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड ही १९७० मध्ये अंधांनीच उभी केलेली संघटना. नोकरीतलं आरक्षण एकूण पदांवर मोजायचं, हा २०१३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या लढ्यातून आला. २०१६ च्या कायद्याने ते आरक्षण ४ टक्के झालं, त्यातला १ टक्का अंध आणि अल्पदृष्टी असलेल्यांचा. माझी नोकरी त्याच एका टक्क्यातली. भावाला स्पर्धा परीक्षा द्यायची असेल तर जळगावलाच दीपस्तंभ या संस्थेचं ‘मनोबल’ आहे, दिव्यांग मुलांसाठी निवासी केंद्र. लेखनिक घेतला तर तासाला २० मिनिटं जादा मिळतात, हेही त्याला सांगून ठेवा.

कागदपत्रांत यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, सगळ्यात आधी. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, तपासणी सरकारी रुग्णालयात होते. टक्केवारी मुख्यतः बऱ्या डोळ्यावरून ठरते, आणि तुमच्या भावाच्या आजारात दिसण्याचा घेर आकसतो, म्हणून थोडंही दिसत असेल तर घेराची चाचणीही करून घ्यायला लावा. नुसती अक्षरं वाचायला लावून पाठवणी करतात. कार्ड झालं की एसटीची, रेल्वेची सवलत आणि तहसीलमधला संजय गांधी निराधारचा अर्ज, ही कामं रांगेत उभं राहिलं की होतात.

एका गोष्टीसाठी मात्र रांग नसते, मागावंच लागतं. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. बऱ्याच गावांत हा पैसा पडून राहतो, नाहीतर कुठल्यातरी रस्त्याच्या कामात दाखवला जातो. तुमच्या गावात आणि शेजारच्या दोन-तीन गावांत मिळून आणखी दिव्यांग असतीलच, त्यांना गाठा. गेल्या तीन वर्षांचा हिशेब माहितीच्या अधिकारात मागा. अर्ज भावाच्या नावाने, सही किंवा अंगठा त्याचा, आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या (म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाच्या) टेबलावरून उठायचं नाही.

माझा नंबर तुम्हाला मेसेजमध्ये टाकतो. फोन त्यानेच करावा. संध्याकाळी सातनंतर बरं, त्याआधी मी गाडीत असतो आणि गाडीत काही ऐकू येत नाही.