जुन्या वहीतलं नाव सर्च केलं की फिलिपिन्सचा पक्षी का येतो?

प्रश्न: माझ्या काकांनी ऐंशीच्या दशकात आंबोली-तिलारीच्या जंगलात पक्ष्यांच्या नोंदी करून ठेवल्यात. त्यात मोठ्या सोनेरी पाठीच्या सुतार पक्ष्याचं शास्त्रीय नाव क्रायसोकोलॅप्टिस ल्युसिडस असं लिहिलंय. हे नाव डेटाबेसमध्ये टाकलं तर फिलिपिन्समधला सुतार पक्षी दिसतो. काकांनी चुकीचं नाव लिहिलं का?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर: अजिबात नाही, काकांनी अगदी बरोबर लिहिलंय. त्या काळी भारतातल्या पक्ष्यांच्या पुस्तकांत हेच नाव असायचं, कारण भारतापासून पार फिलिपिन्सपर्यंतचे हे सगळे सुतार मिळून एकच प्रजाती धरली जायची. नंतर अभ्यासकांनी रंग-ठिपके, आकार वगैरे बघून तिचे अनेक तुकडे केले. आता नियम असा आहे की नाव हे ज्या नमुन्यावरून पहिल्यांदा दिलं गेलं त्या नमुन्याला चिकटलेलं असतं, आणि स्कोपोली नावाच्या निसर्गअभ्यासकाने 1786 मध्ये ल्युसिडस हे नाव दिलं ते फिलिपिन्सच्या पक्ष्याला, म्हणून वाटणी झाल्यावर ते नाव मिंडानाओ आणि आसपासच्या बेटांवरच्या पक्ष्याकडेच राहिलं. हिमालयाच्या पायथ्यापासून आग्नेय आशियापर्यंतचा झाला गट्टाक्रिस्टॅटस, आणि आपल्या सह्याद्रीतला बर्डलाइफ या पक्षी-संवर्धन संस्थेच्या यादीत सोशियालिस म्हणून वेगळी प्रजाती आहे.

म्हणजे नाव तेच राहिलं पण त्याची हद्द बदलली, आणि खरी गडबड इथेच होते. जमिनीचे पोटहिस्से पडल्यावरही आपण नुसता जुना गट नंबर सांगत बसलो तर नेमका कुठला तुकडा ते कळणार कसं, तसंच हे. म्हणून नुसतं नाव सर्च करू नका, ते कोणाच्या यादीनुसार आणि कुठल्या सालचं ते पण बघा. यासाठी मला स्वतःला एव्हिबेस फार आवडतं, म्हणजे डेनिस लेपाज यांनी उभा केलेला पक्ष्यांच्या नावांचा ऑनलाइन डेटाबेस. तिथे नुसत्या नावाला नाही तर प्रत्येक संकल्पनेला, म्हणजे "या नावाखाली नेमके कुठले पक्षी धरले" याला, वेगळा आयडी आहे, त्यामुळे जुना मोठा ल्युसिडस आणि आताचा छोटा ल्युसिडस या दोन वेगळ्या गोष्टी म्हणून सापडतात, आणि कुठल्या यादीने कुठला अर्थ घेतलाय तेही दिसतं. इतकं बारीक काम सगळ्यांसाठी मोफत उघडं आहे, जरूर वापरा.

जीबीआयएफ या जीवजातींच्या नोंदींच्या जागतिक डेटाबेसवर नकाशा बघताना मात्र जपून. तिथे देशोदेशीच्या म्युझियमचा आणि निरीक्षकांचा डेटा एकत्र येतो आणि नावं जुळवून एका यादीत बसवली जातात, त्यामुळे जुन्या लेबलवर फक्त ल्युसिडस लिहिलेला भारतातला नमुना फिलिपिन्सवाल्यात जाऊन बसू शकतो. डेटा डाउनलोड केलात तर मूळ लेबलवरचं नाव कुठल्या रकान्यात आहे ते शोधा, देश आणि ठिकाण लावून फिल्टर करा, आणि उपप्रजातीचं नाव दिलेलं असेल तर तेही टाकून बघा, कारण प्रजातीची हद्द बदलली तरी उपप्रजातीच्या नावावरून बऱ्याचदा माग लागतो.

प्रश्न: भांगपाडी मैनेचं पण नाव बदललंय, तिथेही हाच घोळ आहे का?
– तेच वाचक

उत्तर: नाही, ते सोपं आहे. स्टर्नस पॅगोडॅरमची स्टर्निया पॅगोडॅरम झाली, म्हणजे वंश (नावातला पहिला शब्द) बदलला पण पक्षी तोच आणि हद्दही तीच. असं जुनं नाव बहुतेक डेटाबेस समानार्थी म्हणून ओळखतात आणि नव्या नावावर नेऊन सोडतात.

आणि एक कळकळीची विनंती, काकांच्या वहीतलं नाव खोडून नवीन लिहू नका. एक्सेलमध्ये उतरवताना मूळ नाव जसंच्या तसं ठेवा, शेजारी ते कुठल्या पुस्तकावरून घेतलं ते लिहा, आणि आजचं नाव तिसऱ्या रकान्यात. उद्या परत वाटणी झाली तर फक्त तो तिसरा रकाना बदलावा लागेल.