लॉकडाऊनमध्ये फेसबुकवर फिरलेली 'मदत हवी' ही हाताची खूण नाशिकमध्ये शेजारणीने केली, तर काय करायचं?

तिला 'हो-नाही'त उत्तर देता येईल असंच विचारा, आणि जिवाला धोका वाटला तर थेट ११२ लावा. तळहात दाखवून अंगठा आत घ्यायचा नि त्यावर बोटं मिटायची, ही खूण एप्रिल २०२० मध्ये कॅनडातल्या एका महिला संस्थेने आणली. मारणारा बाजूलाच बसलेला असताना व्हिडिओ कॉलवर बोलणार कसं? सिडको असो की पंचवटी, 'त्यांच्या घरातलं भांडण' म्हणून कृपया गप्प बसू नका. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ४ नुसार शेजारीही संरक्षण अधिकाऱ्याला (या कायद्याखाली सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याला) कळवू शकतो, आणि सद्हेतूने कळवलं तर त्याच्यावर दिवाणी-फौजदारी जबाबदारी येत नाही. मात्र तिला विचारल्याशिवाय तिचा स्क्रीनशॉट सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका, तिचा नवराही त्याच ग्रुपवर असू शकतो.