यात ट्रक कुठे आहे?

“दशांश कधी चुकवला नाही, शुक्रवारचा उपास मोडला नाही, मग आशीर्वाद आमच्याच घराला का नाही?” हा प्रश्न मला विश्वासी लोकांकडून, म्हणजे कमाईचा दहावा भाग (दशांश) चर्चला देणाऱ्या ख्रिस्ती माणसांकडून, नेहमी ऐकायला मिळतो. गोव्यातले बहुतेक ख्रिस्ती कॅथलिक आणि घरात कोंकणी बोलणारे. मराठीत उपासना करणाऱ्या मंडळ्या, म्हणजे चर्चचे समुदाय, लहान आहेत. त्यांतली बहुतेक माणसं रेल्वे, बंदर, खाणी नाहीतर दवाखान्यातल्या नोकरीनिमित्त घाटावरून येऊन इथेच राहिलेल्या कुटुंबांतली. माझ्या मडगावच्या समुपदेशनाच्या खोलीत त्यांच्यापैकी कोणी आलं की पहिली दहा मिनिटं पाळकांशी बोलावं तसं बोलतं, प्रत्येक वाक्याला “प्रभूच्या कृपेनं” जोडून. खरं दुखणं त्यानंतर निघतं.

ज्या ताईंबद्दल लिहिते आहे, त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वडील मिरजेकडून येऊन खाणीवर मेकॅनिक झालेले, नवरा कुडचड्याचा, दोन टिपरांचा, म्हणजे खनिज वाहणाऱ्या ट्रकांचा, मालक. खनिज भरायचं, जुवारीच्या धक्क्यावर ओतायचं, की झाली ट्रिप. जितक्या ट्रिपा तितका पैसा. सप्टेंबर २०१२मध्ये खाणी थांबल्या आणि हप्ते मात्र चालूच राहिले. पुढे काम परत सुरू झालं, तेव्हा मंडळीत साक्ष देताना, म्हणजे देवानं काय केलं ते सगळ्यांसमोर सांगताना, त्या दोघांनी उभं राहून देवाचे आभार मानले. मग ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं खाणींच्या ८८ लीजचं (भाडेपट्ट्यांचं) नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चच्या मध्यापासून खाणी पुन्हा बंद. एक टिपर मिळेल त्या भावाला विकला, दुसरा दारात गंजला. नवरा आता दुसऱ्याची टॅक्सी चालवतो.

याच काळात बाहेरगावचा एक उपदेशक त्यांच्या प्रार्थनासभेला आला. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाचा २८वा अध्याय उघडून त्यानं सांगितलं, आज्ञा पाळल्या तर टोपली आणि परात भरलेली राहते. भरलेली नसेल तर घरात लपलेलं पाप आहे किंवा पूर्वजांचा शाप. शोधून काढा.

ताईंनी शोधायला सुरुवात केली. त्यांनी पिशवीतून एक दोनशे पानी वही काढून माझ्यापुढे ठेवली. आजोबांनी पूर्वी केलेले नवस, नवऱ्याची बिअर, सासूशी भांडताना तोंडून गेलेला एक शब्द, आठवीत असताना शेजाऱ्याच्या बागेतून चोरलेली काजूची बोंडं. प्रत्येक नोंदीपुढे ‘क्षमा मागितली’ अशी खूण होती, आणि काही ठिकाणी तीच नोंद पुढच्या पानांवर पुन्हा होती. दुखऱ्या दाताकडे जीभ जाते तसा त्यांचा हात बोलता बोलता त्या वहीकडे जात होता.

मी आधी झोपेचं विचारलं. पहाटे तीनला जाग, भूक गेलेली, वजन उतरलेलं, आणि ‘आपण नसतो तर घराचं बरं झालं असतं’ हा विचार अधूनमधून येणारा. जीव द्यायचा विचार येतो का, हेही सरळ विचारलं. असं विचारल्यानं तो विचार डोक्यात जात नाही, उलट माणूस मोकळा होतो. त्या म्हणाल्या, तिथपर्यंत नाही. तरी बांबोळीच्या मानसोपचार संस्थेची चिठ्ठी दिली, आणि १४४१६ हा टेली मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, मोफत नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये घालून दिला. “विश्वासी माणसानं गोळ्या घ्याव्यात का?” असं त्यांनी विचारलंच. नवऱ्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या कोण आणतं, असं मी विचारलं. तो विषय तिथे संपला.

वहीचा विषय असा संपणारा नव्हता. पुढच्या भेटीत मी म्हटलं, “ताई, त्या दिवशी ८८ लीज गेल्या. ट्रकवाले हिंदू होते, कॅथलिक होते, मुसलमान होते. त्या सगळ्यांचे टिपर तुमच्या काजूच्या बोंडांमुळे बंद पडले?”

त्या हसल्या, आणि हसताना आपल्यालाच दचकल्या. मग स्वतःच म्हणाल्या, “शिलोहाचा बुरूज.” लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात बुरूज कोसळून अठरा माणसं मरतात, आणि ती यरुशलेमातल्या इतरांपेक्षा जास्त पापी होती असं तुम्हाला वाटतं का, असं येशू विचारतो. त्याचं त्यानंच दिलेलं उत्तर ‘नाही’ असं आहे. ताईंना हा उतारा पाठ होता. फक्त तो आपल्या अंगणातल्या टिपराला लागू होतो, हे कधी सुचलं नव्हतं.

शापाच्या बाबतीत मी त्यांना बायबलमधल्या गलतीकरांस पत्राचा तिसरा अध्याय काढायला सांगितला. प्रेषित पौल लिहितो की ख्रिस्त आपल्यासाठी शाप झाला आणि त्यानं आपल्याला शापातून सोडवलं, ते अब्राहामाचा आशीर्वाद परराष्ट्रीयांपर्यंत, म्हणजे यहूदी नसलेल्यांपर्यंत, पोचावा म्हणून. तो आशीर्वाद कोणता, हेही तिथेच आहे: विश्वासाद्वारे मिळणारा आत्मा. अनुवादातली टोपली आणि परात खरीच आहे, पण ते वचन करार केलेल्या इस्राएल राष्ट्राला, त्याच्या भूमीत शिरण्याआधी दिलेलं आहे. ते उचलून कुडचड्यातल्या कर्जबाजारी बाईच्या डोक्यावर आपटणं मला निर्दयपणाचं वाटतं. ख्रिस्तानं भोगून संपवलेला शाप ती वर्षानुवर्षं वहीत शोधत बसली होती.

मग पौलाचंच इफिसकरांस पत्र, पहिला अध्याय. तिसऱ्या वचनापासून चौदाव्यापर्यंत मूळ ग्रीकमध्ये हे एकच लांबलचक वाक्य आहे, स्तुतीच्या भरात श्वास न घेता म्हटलेलं. मी त्यांना मोठ्यानं वाचायला सांगितलं, आणि जे ‘होऊन गेलं’ असं लिहिलं आहे तिथे पेन्सिलीची रेघ मारायला. जगाच्या स्थापनेपूर्वी निवडलं. पुत्र म्हणून दत्तक घेतलं. रक्ताच्या द्वारे सोडवलं, अपराधांची क्षमा केली. आपल्या इच्छेचं रहस्य कळवलं. वारसा दिला, आणि त्याचा विसार, म्हणजे आगाऊ हमी, म्हणून पवित्र आत्म्याचा शिक्का मारला. पान रेघांनी भरलं. ताई बराच वेळ त्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “मॅडम, यात ट्रक कुठे आहे?”

“नाही. घर नाही, व्हिसा नाही, मुलीचं लग्नही नाही.”

“मग हे गरिबांची समजूत काढायला लिहिलंय का?”

हा प्रश्न मला मोलाचा वाटतो, आणि तो दाबू नये. समजूत काढायची असती तर पौलानं पुढे सुटकेचं आश्वासन दिलं असतं. तो स्वतः बेड्यांत होता. सहाव्या अध्यायात तसं म्हणतो, आणि प्रार्थना मागतो ती बेड्या तुटाव्यात म्हणून नाही, तर धैर्यानं बोलता यावं म्हणून. त्याच्या लेखी आशीर्वाद पुढे कधीतरी मिळायचा नव्हता, तो मिळालेला होता, आणि बेड्यांनी त्यात काही उणं झालं नव्हतं. ताईंना यातलं ‘दत्तक’ लागलं. रोमी कायद्यात दत्तक गेलेल्या मुलाचं जुन्या घराचं नातं तुटायचं आणि नव्या घराच्या वारशावर त्याचा पूर्ण हक्क लागायचा. “म्हणजे आजोबांची पानं माझ्या वहीत असायचं कारणच नाही,” त्या म्हणाल्या. हे मी सुचवलं नव्हतं.

बँकेचा माणूस दारात उभा असताना इफिसकरांस पत्र वाचून दाखवता येत नाही, हेही मी सांगितलं. खाणबंदीनंतर सरकारनं बाधित कर्जदारांसाठी मदतीची योजना काढली होती. त्यांच्या कर्जाचं त्यात काय झालं, हे विचारायला त्या बँकेत गेल्याच नव्हत्या. शापित माणसानं काय विचारायचं! नणंदेच्या मुलाला घेऊन गेल्या, आणि उरलेल्या रकमेचे हप्ते नव्यानं बांधून मिळाले.

पण खोलीत बसून मला एक गोष्ट करता येत नव्हती. त्या उताऱ्यात सगळीकडे ‘आपल्याला’ आहे, ‘मला’ नाही. हे आशीर्वाद मंडळीला मिळून दिलेले आहेत, आणि ताईंच्या मंडळीत साक्ष देण्याची वेळ म्हणजे यशाची यादी झाली होती: मुलगा जहाजावर लागला, गल्फचा व्हिसा आला, फ्लॅटचं काम झालं. ज्यांचे टिपर गंजले ते मागच्या बाकावर गप्प. ताईंच्या संमतीनं मी पाळकांना भेटले. ते आधी थोडे दुखावले, मग म्हणाले, माझाही भाऊ ट्रकवाला होता.

त्यांनी एका रविवारी साक्षीच्या वेळी ‘अजून उत्तर न मिळालेल्या’ लोकांना बोलावलं. ताईंनी तेरावं स्तोत्र वाचलं, ‘हे परमेश्वरा, कोठवर?’ ही हाक ज्यात पुन्हा पुन्हा येते ते. एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी नंतर कुरकुर केली की देवाच्या घरात रडगाणं कशाला. स्तोत्रांत रडगाणी किती आहेत हे त्यांनी एकदा मोजावं. पण त्याच दिवशी आणखी तीन घरांनी आपली कर्जं बोलून दाखवली, आणि आता त्या घरांतल्या बायका आणि ताई बुधवारी एकत्र प्रार्थना करतात, एकमेकींची हप्त्याची कागदं वाचतात. त्यांतली एक कन्नड, एक धनगराच्या घरातून विश्वासात आलेली, एक आपल्या ताई. मधली आडभिंत पाडली असं पौल म्हणतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर यहूदी आणि परराष्ट्रीय होते. कुडचड्यात ती भिंत पडल्यावर एका चटईवर या बसतात.

ताई शुक्रवारी अजून उपास करतात, पण रात्री जेवतात. गोळ्या चालू आहेत. झोप पाचपर्यंत लागते. वहीत नवीन नोंद नाही असं त्या सांगतात. मी तपासत नाही. नवऱ्याला मात्र यातलं काही पटलेलं नाही. “आत्मिक आशीर्वाद बँक तारण म्हणून घेते का, ते तुमच्या मॅडमना विचार,” असं त्यानं सांगून पाठवलं. पुढच्या महिन्यात तो स्वतः यायला तयार झाला आहे. त्याचा राग देवावर कमी आणि स्वतःवर जास्त आहे असा माझा अंदाज आहे, आणि त्याच्याशी बोलायला इफिसकरांपासून सुरुवात करायचा माझा विचार नाही.