टोर्नेडो म्हणजे चक्रीवादळ नव्हे

प्रश्न : मुलगी अमेरिकेत कॅन्ससला असते. येत्या दोन-तीन दिवसांत तिथल्या मैदानी भागात 'सिव्हिअर थंडरस्टॉर्म'चा धोका आहे, टोर्नेडोही होऊ शकतात, असं तिने कळवलंय. इकडच्या बातमीत मात्र 'चक्रीवादळाचा इशारा' होता. बरोबर काय?

उत्तर : बातमी साफ चूक. दर एप्रिल-मेमध्ये हेच वाचतो आणि दरवेळी डोकं फिरतं. चक्रीवादळ समुद्रावर जन्मतं, शेकडो किलोमीटर पसरतं, त्याला नाव मिळतं. 2020चं 'निसर्ग' आठवा. कॅन्ससला समुद्र कुठला? तिथे मेक्सिकोच्या आखातावरची दमट हवा आणि रॉकी पर्वताकडची कोरडी हवा यांची गाठ पडते, विजांची अजस्र वादळं उभी राहतात आणि एखाद्याच्या पोटातून हवेची गरगरती सोंड जमिनीला टेकते. तो टोर्नेडो. आयुष्य बहुधा काही मिनिटांचं.

आता शब्द. स्पॅनिश 'तोर्नार' म्हणजे वळणे, त्यावरून टोर्नेडो, असं लोक छातीठोक सांगतात. अर्धवट! मुळात 'त्रोनादा', म्हणजे गडगडाटी वादळ. 16व्या शतकातले इंग्रज खलाशी अटलांटिकवरच्या अशा वादळाला 'टर्नेडो' म्हणत. गरगरण्याचा तिथे पत्ता नव्हता. 'तोर्नार'ने मागाहून घुसून शब्दाचं रूप बदललं. 'त्रोनादा'च्या मागे लॅटिन 'तोनारे', गडगडणे. त्याच कुळातला इंग्रजी 'थंडर', आणि त्याच कुळातला संस्कृत 'स्तन्' धातू! त्यावरून 'स्तनयित्नु', गडगडणारा ढग. बृहदारण्यक उपनिषदात प्रजापतीने देव, माणसं आणि असुर यांना सांगितलेलं 'द द द' हा स्तनयित्नुच पुन्हा घुमवतो. म्हणजे तुमच्या मुलीच्या एका निरोपातले थंडर आणि टोर्नेडो एकाच घरातले, आणि उपनिषदातला ढग त्यांच्याच भावकीतला. मला तर हे कळलं तेव्हा रात्री झोप आली नाही.

म्हणूनच परिभाषावाल्यांचा 'घूर्णवात' मला मुळीच मान्य नाही. घूर्ण म्हणजे पुन्हा फिरणंच. गडगडाट गेला कुठे? 'वावटळ'ही नको. ती भर उन्हात शेतातला पाचोळा उडवते, तिला डोक्यावर ढग लागत नाही. सरळ टोर्नेडो लिहा.

'सिव्हिअर' राहिलंच. 'जोरदार पाऊस' नव्हे. वादळाला 'सिव्हिअर' म्हणताना तिथे पाऊस मोजतच नाहीत. ताशी 93 किलोमीटरचा वारा, क्वार्टरच्या (अमेरिकी पाव डॉलरच्या) नाण्याएवढी, म्हणजे अडीच सेंटिमीटरची गार, किंवा टोर्नेडो, यांतलं एक तरी हवं. 'तीव्र गडगडाटी वादळ' म्हणा.