मुलगा अमेरिकेत नववीत आहे आणि पहिल्यांदाच क्विझ बोल स्पर्धेला चाललाय. तयारी कशी करून घ्यावी?

आपल्या शाळेतली प्रश्नमंजुषा आधी डोक्यातून काढा. इथे ‘पास’ नाही, पाळीही नाही. चार-चार जणांचे दोन संघ, प्रत्येकाच्या हाताशी बझर. टॉसअप म्हणजे दोन्ही संघांना एकदमच विचारलेला प्रश्न, जो आधी बझर दाबेल त्याचा, शेजारच्याला विचारायचं नाही. बरोबर आलं की १० गुण, वर त्याच्या संघाला ३० गुणांपर्यंतचे बोनस प्रश्न. त्यात मात्र कुजबुज चालते.

खरी मेख प्रश्नाच्या रचनेत आहे. आधी अवघड धागे, शेवटी सोपे. समजा उत्तर रामानुजन आहे. सुरुवात मॉक थीटा फलनांनी होईल, इंग्रज गणिती हार्डींच्या टॅक्सीचा नंबर १७२९ बराच नंतर येईल, आणि तो ऐकल्यावर खोलीतले सगळेच बझरवर तुटून पडतील. म्हणजे नुसतं उत्तर माहीत असून भागत नाही, ते कितव्या वाक्याला ओळखता यावर सामना फिरतो. एनएक्यूटी या स्पर्धांचे प्रश्न बनवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या प्रश्नांत लवकर ओळखलं तर १५ गुण, पण प्रश्न मध्येच तोडून चुकलात तर ५ वजा.

म्हणून राजधान्या आणि नोबेलच्या याद्या घोकण्यात महिना घालवू नका. जुन्या स्पर्धांचे प्रश्नसंच नेटवर फुकट मिळतात. रोज एक मोठ्याने वाचा आणि त्याला मध्येच थांबवायला सांगा. (हे काम आजीआजोबाही आनंदाने करतात, उच्चारांची गंमत वेगळीच.) विषय संघात वाटून घ्यायचे. चित्रकला आणि पाश्चात्त्य संगीत सहसा कोणी घेत नाही, तेच त्याने घ्यावं. पहिल्या स्पर्धेत चार-पाच टॉसअप मिळाले तरी पुष्कळ.