आधी आवाज, मग कॅमेरा

तुम्ही लिहिलंय की समोर 22 विद्यार्थी बसलेले असतात, 7 जण लिंकवरून जोडलेले असतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून ते 7 जण असून नसल्यासारखे होतात. कॅमेरे बंद, प्रश्न विचारला की शांतता. म्हणून बोलणाऱ्याकडे आपोआप वळणारा कॅमेरा घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत सरळ सांगते: आत्ता कॅमेऱ्यावर पैसे घालू नका.

मी गेली 6 वर्षं संख्याशास्त्राचा वर्ग असा मिश्र पद्धतीने घेते. पहिलं अख्खं सत्र मी हेच धरून चालले होते की लांबची मुलं लक्ष देत नाहीत. मग एका सहकाऱ्याला विनंती केली, की तू दुसरीकडे बसून माझा तास लिंकवरून ऐक आणि रेकॉर्ड कर. ते रेकॉर्डिंग ऐकल्यावर मला फार वाईट वाटलं. टेबलापाशी उभी असेन तोवर माझा आवाज ठीक होता. फळ्याकडे वळले की विहिरीतून बोलल्यासारखा. आणि वर्गातल्या मुलांचे प्रश्न तर त्यात नव्हतेच. दहा सेकंद काहीच नाही, मग एकदम माझं "बरोबर, पण मग विचलन का वाढलं?", आणि पाठोपाठ सगळा वर्ग हसतो. कशाला हसला, हे लांबच्याला कळायला मार्गच नाही. दीड तास एकाच बाजूचं बोलणं ऐकत बसायची वेळ आली तर कुणीही मनाने उठून जाईल.

याचं कारण साधं आहे. मोकळ्यात अंतर दुप्पट झालं की थेट पोचणारा आवाज सुमारे 6 डेसिबलने कमी होतो. लॅपटॉपचा माईक समोर अर्ध्या मीटरवर बसलेल्या माणसासाठी बनवलेला असतो. शेवटच्या बाकावरचा मुलगा 8 मीटरवर असला तर अंतर चार वेळा दुप्पट झालं, म्हणजे त्याचा थेट आवाज 24 डेसिबलने खाली. भिंतींवरून परत येणारा घुमारा मात्र खोलीभर जवळपास तेवढाच राहतो, त्यामुळे बोललेले शब्द त्यात बुडतात. त्यात भर म्हणजे मीटिंगचं सॉफ्टवेअर पार्श्वभूमीचा गोंगाट कमी करायला बसलेलं असतं आणि लांबून येणारा तो क्षीण आवाज त्याला गोंगाटच वाटतो. पुष्कळदा ते तो पुसूनच टाकतं.

म्हणून पहिला खर्च कॉलर माईकवर करा, तो तुमच्यासाठी. दुसरा खर्च मुलांसाठी: हातोहात फिरवायचा एखादा बिनतारी माईक, किंवा खोली लहान असेल तर मध्यभागी ठेवायचा माईक-स्पीकर एकत्र असलेला संच. यातलं काहीच जमत नसेल तर वर्गातला प्रत्येक प्रश्न स्वतः पुन्हा म्हणा, आणि मगच उत्तर द्या. प्रत्येक म्हणजे प्रत्येक, "समजलं का?" वर आलेलं "नाही" सुद्धा. पहिले आठ दिवस कंटाळा येतो. नंतर लक्षात येतं की मागच्या बाकांनाही तो प्रश्न आधी ऐकू येत नव्हता.

आवाज उलट्या दिशेनेही नीट जायला हवा, आणि इथे बहुतेक जण चुकतात. लांबची मुलगी बोलते तेव्हा तिचा आवाज तुमच्या लॅपटॉपच्या बारीक स्पीकरमधून येत असेल, तर वर्गाच्या दृष्टीने ती तुमच्याशी खासगीत बोलतेय. बाकीचे आपसात कुजबुजायला लागतात आणि ते तिला दिसतं. चांगला स्पीकर लावा. मी तो समोरच्या टेबलावरून उचलून बाजूच्या भिंतीशी, बाकांच्या ओळीत ठेवला, आणि लांबच्या मुलांचे चेहरे दाखवणारा जुना मॉनिटर त्याच्या शेजारी. आवाज मुलांच्या मधून येऊ लागल्यावर मुलं त्या दिशेला वळून उत्तर द्यायला लागली. मी न सांगता.

एक पथ्य पाळा: खोलीत माईक आणि स्पीकर चालू असलेलं एकच यंत्र हवं. प्रतिध्वनी पुसणाऱ्या यंत्रणेला फक्त आपल्या स्पीकरमधून काय वाजतंय ते माहीत असतं. शेजारच्या लॅपटॉपमधून बाहेर पडणारा तोच आवाज तिला नवीन वाटतो, ती तो परत पाठवते, आणि शिट्टी सुरू होते. वर्गातल्या मुलांना चॅट किंवा मतदानासाठी जोडायचंच असेल तर ऑडिओ न जोडता जॉइन व्हायला सांगा. गूगल मीटमध्ये यासाठीच कंपॅनियन मोड आहे.

इतकं झालं की अडचण यंत्रांची उरत नाही, कुणी कधी बोलायचं या पाळीची उरते. दहा भाषांमधल्या संभाषणांचा 2009 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यातलं अंतर सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाइतकं, म्हणजे 200 मिलिसेकंदांच्या आसपास निघालं. आता विचार करा. लांबच्या विद्यार्थ्याला तुमचं वाक्य उशिरा पोचतं, मग तो अनम्यूट करणार, मग त्याचा आवाज तुमच्याकडे यायला पुन्हा उशीर. टेलिफोनसाठीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत एका दिशेचा विलंब शक्यतो 150 मिलिसेकंदांच्या आत ठेवा असं म्हटलंय. तो तेवढा राखला गेला तरी येऊन-जाऊन 300 होतात. तोवर समोरच्या बाकावरचं कुणीतरी बोलून गेलेलं असतं. प्रत्येक वेळी, सत्रभर, हेच होतं. तुमची 7 मुलं गप्प झाली ती बहुधा अशी झाली. त्यांनी सुरुवातीला प्रयत्न केला असणार, एवढं नक्की मनात धरा.

त्यामुळे मुक्त चर्चेत "ज्याला बोलायचंय त्याने बोला" हा नियम मिश्र वर्गात चालत नाही. शेवटी "ऑनलाइन कुणाला काही विचारायचंय का?" असं विचारणं तर मला सगळ्यात वाईट वाटतं, कारण त्यात ती मुलं उरलेली ठरतात. माझ्या वर्गात पहिली पाळी लांबच्यांची. तीही नाव घेऊन, आणि आधी सांगून: "हे उदाहरण झालं की मी आधी अमक्याला विचारणार आहे." अचानक पकडलं तर माणूस घाबरतो, आणि घाबरलेला माणूस पुढच्या वेळी नेटवर्कचं कारण सांगतो. मेरी बड रो या अमेरिकी शिक्षण-संशोधिकेने 1970 च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिफिती तपासल्या, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात असं दिसलं; तीन सेकंद थांबलं की उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येऊ लागली. ते एका खोलीतल्या वर्गांचं होतं. मिश्र वर्गात मी मनात आठपर्यंत मोजते. समोरच्यांना ती शांतता टोचते, म्हणून पहिल्याच दिवशी ती कशासाठी आहे ते सांगून ठेवते.

याहून सोपी वाट म्हणजे आधी लिहायला लावणं. एरिक माझूर यांनी 1991 पासून हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या तासाला वापरलेली रीत इथे फार उपयोगी पडते: पर्यायांचा प्रश्न, प्रत्येकाचं स्वतंत्र मत, मग शेजाऱ्याशी चर्चा, मग पुन्हा मत. मतदान सगळ्यांचं एकाच ठिकाणी होतं, त्यामुळे पडद्यावर दिसणाऱ्या आकड्यांत कोण कुठे बसलाय हे उरत नाही. चर्चेला मात्र शेजारी कुठून आणायचा, हा प्रश्न येतो. तीन-चार मिनिटांची चर्चा असेल तर मी लांबच्यांना दोघा-तिघांच्या ब्रेकआउट रूममध्ये, म्हणजे मीटिंगमधल्याच वेगळ्या छोट्या खोलीत, पाठवते. वर्गातल्या गटात एकेका लॅपटॉपवरून त्यांना बसवून पाहिलं होतं. पाच गट एकदम बोलायला लागले की त्यांना काहीही ऐकू येत नाही. आठवडाभर चालणारं काम असेल तर मात्र गट मुद्दाम मिसळते आणि तासाबाहेर भेटायला सांगते. तिथे दोन्हीकडची मुलं एकमेकांना ओळखू लागतात आणि तासातही एकमेकांना नावाने हाक मारतात.

फळ्याचं थोडक्यात सांगते. भिंतीवरचा फळा कॅमेऱ्यातून चमकतो आणि अर्धा वेळ तुमची पाठ दिसते. टॅबलेटवर किंवा कागदावर कॅमेरा धरून लिहा आणि तेच प्रोजेक्टरलाही द्या, म्हणजे दोन्हीकडे एकच दिसेल. लेझरचा ठिपका भिंतीवर पडतो, शेअर केलेल्या स्क्रीनमध्ये तो जात नाही. माउसचा बाण वापरा. आणि "हे इथलं तिकडे नेलं" ऐवजी "तिसऱ्या ओळीतला छेद" असं म्हणायची सवय लावा.

चॅटवर लक्ष ठेवणं तुमच्याच्याने होणार नाही, प्रयत्नही करू नका. वर्गातल्या एकाला दर तासाला ते काम द्या. मी त्याला "दुवा" म्हणते. त्याला मला मध्येच थांबवायचा अधिकार असतो: आवाज गेला, चॅटमध्ये प्रश्न आलाय, पान दिसत नाही. दरवेळी वेगळा विद्यार्थी असावा, कारण त्या तासाला त्याचं स्वतःचं लक्ष विभागतं.

कॅमेरे चालू ठेवायची सक्ती मी करत नाही. नुसत्या आवाजाला सेकंदाला 100 किलोबिटच्या आत भागतं, चित्राला त्याच्या कितीतरी पट लागतं, आणि कुणाच्या मागे काय आहे हे दाखवायला लावायचा हक्क मला वाटत नाही. हजेरी मी लिहिलेल्या उत्तरावरून धरते. जोडणी तुटली तर काय करायचं हेही पहिल्याच दिवशी ठरवा. माझ्याकडे टिपणं आधीच पाठवलेली असतात, आणि जो तुटतो तो परत येईपर्यंत पुढचं उदाहरण एकट्याने सोडवतो.

सगळ्यांना तंतोतंत एकच अनुभव देता येत नाही, तो ताण घेऊ नका. सॅन फ्रान्सिस्को स्टेट युनिव्हर्सिटीतले ब्रायन बीटी यांनी हायफ्लेक्स ही पद्धत मांडली, म्हणजे वर्गात यायचं की लांबून जोडायचं हे विद्यार्थ्याने निवडायचं. तिच्या तत्त्वांत समतुल्यता हा शब्द आहे. वाट वेगळी असली तरी शिकणं त्याच तोडीचं व्हावं, एवढी अपेक्षा. ज्या तासाला हाताने काही करायचं असतं किंवा पूर्ण वेळ चर्चाच असते, तिथे मी मिश्र वर्ग घेतच नाही. चर्चा असेल तर सगळेच, वर्गातलेसुद्धा, आपापल्या ठिकाणाहून जोडले जातात. हे तुमच्या संस्थेला पटवायला वेळ लागेल, पण मागून पाहा. तयारीला जास्त वेळ लागतो हेही त्यांच्या कानावर घाला, तो तुमच्या झोपेतून जाऊ देऊ नका.

पुढच्या तासाला फक्त एवढं करा: कुणाला तरी बाहेर बसवून 10 मिनिटं रेकॉर्ड करून घ्या आणि हेडफोन लावून ऐका. मग खोलीची लांबी-रुंदी, बाकांची रचना आणि छत किती उंच आहे ते इथे लिहा. माईक कुठे ठेवायचा आणि स्पीकर कुठल्या भिंतीला, ते मी सांगते.