भाचीला विमानाच्या तांत्रिक क्षेत्रात जायचंय, मुलींसाठी शिष्यवृत्ती कोणती मिळेल?

ताई, तुम्ही लिहिलंय की भाची बारावी पीसीएम झाली आहे, वैमानिक व्हायचं नाही, विमानाच्या इंजिनात हात घालायचाय. मी स्वतः एव्हिऑनिक्समध्ये (विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) काम करते, त्यामुळे असे प्रश्न मला बरेच येतात. शिष्यवृत्तीची नावं देतेच, पण आधी ती पदवीला जाणार की एएमई (विमान देखभाल अभियंत्याचा लायसन्स कोर्स) करणार, एवढं घरात ठरवा. पैसे कुठून मिळतील हे त्यावरच ठरतं.

एरोनॉटिकलची बीई किंवा डिप्लोमा करणार असेल तर वाट सोपी आहे. महाराष्ट्रात 2024-25 पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची 100 टक्के सवलत आहे, कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर. अर्ज महाडीबीटीवर. प्रवेश मात्र कॅप राउंडमधूनच (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरी) हवा. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा खासगी अभिमत विद्यापीठात जागा घेतली की ही सवलत गेली. कॉलेजचे एजंट हे आपणहून सांगत नाहीत!

दुसरी ‘प्रगती’ शिष्यवृत्ती, एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणाला मान्यता देणाऱ्या केंद्रीय परिषदेची. वर्षाला 50 हजार रुपये, उत्पन्नाची अट तीच, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर, प्रवेशाच्या पहिल्याच वर्षी (डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला गेल्यास तेव्हा). ती घेताना दुसरी सरकारी शिष्यवृत्ती चालत नाही, म्हणून आकडेमोड करून एकच निवडा. खासगी कॉलेजची फी बघता मला फीमाफी जास्त फायद्याची वाटते.

एएमईचं गणित वेगळं. ते लायसन्स डीजीसीएचं, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचं, आणि शिकवणाऱ्या संस्थांना ‘कार-147’ या नियमाखाली मान्यताही डीजीसीएचीच. एआयसीटीईचा तिथे संबंध नाही, त्यामुळे ‘प्रगती’ला हा कोर्स बसत नाही. संस्थांच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरात ‘मुलींना 50 टक्के स्कॉलरशिप’ दिसेल. ती बहुतेकदा त्यांनीच ठरवलेल्या फीवर त्यांनीच दिलेली सूट असते. पूर्ण कोर्सची एकूण फी लेखी मागा, मान्यता बी1 ची (इंजिन व यांत्रिक काम) आहे की बी2 ची (एव्हिऑनिक्स) ते बघा आणि प्रॅक्टिकल कोणत्या हँगरला होतं ते विचारा. डीजीसीए मान्यताप्राप्त कोर्सला बँकांचं शैक्षणिक कर्ज मिळू शकतं, हा खरा आधार.

परदेशी नावं गुगलवर खूप दिसतील. झोंटा इंटरनॅशनलची अमेलिया इअरहार्ट फेलोशिप 1938 पासून चालू आहे, 10 हजार डॉलर, कुठल्याही देशाच्या मुलीला खुली. पण ती एरोस्पेस किंवा अवकाश विज्ञानात पीएचडी करणाऱ्यांसाठी. भाचीला अजून बराच अवकाश आहे! विमान देखभालीतल्या स्त्रियांची ‘असोसिएशन फॉर विमेन इन एव्हिएशन मेंटेनन्स’ ही अमेरिकी संस्था आणि ‘विमेन इन एव्हिएशन इंटरनॅशनल’ यांच्या शिष्यवृत्त्या आहेत, पण तिथे बहुधा आधी वर्गणी भरून सभासद व्हावं लागतं आणि बरेचसे पुरस्कार तिथल्या प्रशिक्षणाशी जोडलेले असतात. शिकायला लागल्यावर बघा. आता त्यात वेळ घालवू नका.

आणि पैशांची ओढाताण फारच असेल तर आणखी एक रस्ता. भौतिकशास्त्र-गणित घेऊन साधी बीएस्सी करायची आणि विमानतळ प्राधिकरणाची एटीसीची (हवाई वाहतूक नियंत्रक) परीक्षा द्यायची. महिलांना परीक्षा शुल्क नसतं. निवड झाल्यावर प्रशिक्षण प्राधिकरणच देतं. त्यांचं एक केंद्र आपल्या गोंदियालाच आहे. इंजिनात हात घालायची हौस त्यात फिटणार नाही, हे तिला आधीच सांगा.

काहीही ठरलं तरी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा आणि तिच्या बँक खात्याला आधार जोडून घ्या. ऐन प्रवेशाच्या दिवसांत सेतूत रांगा लागतात.